बिनधुराची दारू

संपादक मंडळातल्या एका मुलाचा मेसेज आला, "सर, मॅगझीनसाठी काहीतरी लिहून द्या ना. अमेरिकेतले अनुभव वगैरे चालतील." 'सर' वाचून दचकलोच. मला 'सर' म्हणावं असं माझ्यात काही नाही, हे आमच्या वेळचे एच.ओ.डी. शपथेवर सांगतील. पण हॉस्टेलचं मीठ (आणि मेसची पाण्यासारखी आमटी) खाल्लेली असल्यामुळे नाही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांना सहज म्हणालो, "आमच्या कॉलेजचं मॅगझीन भरायचंय." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती राउंडचं?"

आता शीर्षक बघून ज्यांनी सगळ्यात आधी हेच पान उघडलं, त्यांची निराशा होणार आहे. ही ती दारू नव्हे. रेक्टर सरांनीही निश्चिंत असावं. ही बंदुकीची दारू, आणि तीही आपण दिवाळीत हात काळे करून घेतो ती नव्हे. इंग्रजीत हिला 'स्मोकलेस पावडर' म्हणतात. ती चिमूट चिमूट मोजून, वापरलेल्या पितळी पुंगळ्यांमध्ये भरून पिस्तुलाची काडतुसं पुन्हा तयार करणं हा अमेरिकेतल्या हजारो रिकामटेकड्या, म्हणजे रिटायर्ड, लोकांचा छंद आहे. त्याला 'रिलोडिंग' म्हणतात. आपल्याकडे विनापरवाना काडतूस तयार करणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली सरळ सरळ गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कोणी गच्चीवर प्रयोग करू नयेत. जेलमध्ये वायफाय नसतं.

मी २००५ च्या मेकॅनिकलच्या बॅचचा. एम.एस. करून ओहायो राज्यात मोटारींचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत लागलो, आणि २०१२ साली घर घेतलं. शेजारी हे आजोबा. आयुष्यभर टूल अँड डाय मेकर म्हणून काम केलेले, हाताला अजून कूलंटचा वास येईल असं वाटावं असे. तिकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावानेच हाक मारतो, पण मनात ते आजोबाच. आमच्यापासून थोड्या अंतरावर, एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे. तिथे १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा होतात. आजोबा तिथे तरुणपणापासून जायचे. पन्नास यार्डांवरच्या लक्ष्यावर एका हाताने पिस्तूल धरून नेम साधायचा, असला प्रकार. एका मोसमात काही हजार गोळ्या झाडायच्या तर विकतची काडतुसं कुठल्या पेन्शनमध्ये परवडणार? म्हणून गॅरेजमध्ये रिलोडिंगचं बेंच.

मला पहिल्यांदा त्या गॅरेजने ओढून घेतलं ते बंदुकांमुळे नाही, तर वर्कशॉपमुळे. भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेली हत्यारं, छोटा हँड प्रेस, डाय, आणि कोपऱ्यात काचेच्या पेटीत ठेवलेला तराजू. आपल्या वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब करताना मी फाईल उलटी धरली होती, ते आठवून लाजच वाटली. पण हात लावायची सोय नव्हती. व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाने बंदूकच नव्हे, तर काडतूस, पुंगळी, दारूची पूडसुद्धा बाळगू नये, असा तिथला फेडरल कायदा आहे. शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर. आजोबा कायद्याचे पक्के. त्यांनी मला एक स्टूल दिलं आणि सांगितलं, "बघायला बंदी नाही." २०१८ साली ग्रीन कार्ड येईपर्यंत, म्हणजे तब्बल सहा वर्षं, मी त्या स्टुलावर बसून नुसतं बघितलं. चार वर्षांच्या डिग्रीत मी कुठल्याच लेक्चरला एवढं लक्ष दिलं नव्हतं.

काय बघितलं ते सांगतो. झाडलेली पुंगळी आगीने थोडी फुगलेली असते. ती डायमधून दाबून मूळ मापावर आणायची. तळातला जळालेला प्रायमर (ज्यावर हातोडी आपटते ती टिकली) काढून नवा बसवायचा. तोंड किंचित उमलवायचं, दारू घालायची, वर शिशाची गोळी बसवायची आणि तोंड पुन्हा आवळायचं. सगळं मेकॅनिकलच्या पोराला पाच मिनिटांत कळेल असं. कळायला वेळ लागला तो दारूचा.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा, गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त माल घन पदार्थ म्हणून उरतो. तोच धूर, तोच नळीतला काळा राळ. १८८४ साली पॉल व्हिएय नावाच्या फ्रेंच माणसाने नायट्रोसेल्युलोजपासून जी दारू बनवली, ती जवळजवळ सगळीच्या सगळी वायू होऊन जाते. तिच्यामागोमाग नोबेलसाहेबांनी (हो, तेच बक्षीसवाले) १८८७ मध्ये तिच्यात नायट्रोग्लिसरीन घालून आणखी जोरकस केली. नायट्रोसेल्युलोज म्हणजे काही तरी भयंकर दुर्मीळ, असं समजू नका. आमच्या वेळी कॉमन रूममध्ये टी.टी.चे जे चेंडू होते ते सेल्युलॉइडचे, म्हणजे याच घराण्यातले. फुटलेला चेंडू मागच्या गच्चीवर पेटवला की तो कसा भस्सकन जायचा, हे आमच्या विंगमधल्या सगळ्यांना माहीत आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये २०१४ पासून प्लास्टिकचे चेंडू आले. तुमची एक करमणूक गेली.

मोकळ्यावर ही दारू नुसती जळते. कोंडली की मग तिची खरी करामत. आजूबाजूचा दाब वाढला की तिचा जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब आणखी वाढतो. व्हिएयने याचा नियमच मांडून ठेवलाय, दाबाच्या घातांकाचा. म्हणून दारू दुप्पट झाली तर दाब दुप्पट होऊन थांबत नाही, त्याच्या पुढे जातो. आजोबा जे '३८ स्पेशल' काडतूस भरायचे त्याच्या दाबाची ठरवून दिलेली मर्यादा दर चौरस इंचाला १७,००० पौंड आहे. मोटारीच्या टायरमध्ये आपण ३० च्या आसपास भरतो. आणि हे सगळं घडवणारी दारू किती? जेमतेम तीन ग्रेन. सात हजार ग्रेनचा एक पौंड. म्हणजे एका काडतुसात साधारण ०.२ ग्रॅम. मेसच्या भाजीत एवढं मीठ कमी पडलं तर कुणाला कळणारही नाही.

दारूचे प्रकार तर विचारू नका. आजोबांच्या फडताळात डबे होते आठ-दहा, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कुणाचे कण पातळ पोह्यांच्या चुऱ्यासारखे, कुणाचे खसखशीसारखे गोल, कुणाचे शेवयांच्या तुकड्यांसारखे. खसखशीसारखी दारू मापातून सुरेख ओघळते, दर वेळी तेवढीच पडते. पोह्यांसारखी मध्येच अडकते, एकदा कमी पडते, एकदा जास्त. एका डब्यातल्या दारूचे कण चक्क मेदुवड्यासारखे, मधोमध भोक असलेले. ती बघून मला आधी हसूच आलं. पण त्यात गंमत आहे. कण बाहेरून जळत लहान होतो तसा भोकाच्या बाजूने पृष्ठभाग वाढत जातो, म्हणजे जळणं शेवटपर्यंत बरंचसं एकसारखं राहतं. एम-थ्री मध्ये केटी लागलेल्या माणसालाही हे इंटिग्रेशन आवडलं.

मला वाटायचं, चांगली दारू म्हणजे जोरदार दारू. प्रत्यक्षात पिस्तुलाची नळी आखूड, गोळी तिच्यातून क्षणार्धात बाहेर पडते, म्हणून साध्या काडतुसाला झटपट जळणारी आणि थोडीशीच दारू लागते. मॅग्नम काडतुसांना सावकाश जळणारी आणि पुंगळी भरून लागते, आणि त्यातल्या काही दारू अशा मानी की पुस्तकात दिलंय त्याहून कमी घातलीत तरी बिघडतात. तेव्हा 'जरा कमीच घालू, सेफ राहील' हे आपलं डोकं तिथे चालत नाही. अजिबातच घातली नाही तर? नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकून बसते. ते लक्षात न येता दुसरी झाडली की नळी गेली. शून्यही धोक्याचं आणि दुप्पटही.

आजोबांचे नियम थोडे होते. बेंचवर एका वेळी एकच डबा. माप दारू कंपनीच्या छापील पुस्तकातलं, मित्राच्या वहीतलं नाही. डब्यावर नाव नसेल तर ती दारू कितीही ओळखीची वाटली तरी अंगणातल्या गवतावर फेकायची. (नायट्रोजन असतोच, गवत खूश.) लाकडी ठोकळ्यात पन्नास भोकं, पाच ओळी, दहा-दहाच्या. दारू घातल्यावर गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून आत बघायचं. आणि मध्ये काहीही व्यत्यय आला, अगदी शिंक आली तरी, सगळ्या पुंगळ्या ओतून पहिल्यापासून सुरुवात.

माझा फायनल इयरचा रूममेट भंडाऱ्याचा. त्याचे वडील तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, जिथे सैन्यासाठी हीच बिनधुराची दारू बनते. हा रूममेट सिगारेट ओढायचा नाही, आणि कुणी खोलीत पेटवली तर शांतपणे उठून काडेपेटी बाहेर पॅसेजमध्ये ठेवून यायचा. आम्ही त्याची फार टिंगल केली. २४ जानेवारी २०२५ ला त्या फॅक्टरीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. बातमी वाचली तशी मी त्याला फोन लावला. वडील केव्हाच रिटायर झाले होते, घरी होते. "पण बाबा सकाळपासून बोलत नाहीयेत," एवढंच म्हणाला. आमच्या टिंगलीची आठवण दोघांनीही काढली नाही.

तर माझी गोष्ट ३१ ऑगस्ट २०१९ ची. शनिवारची रात्र, साडेनऊचा सुमार. लेबर डेची सुट्टी जोडून आजोबांची कॉलेजात जाणारी नात आली होती, आणि रविवारी सकाळी ती रेंजवर आजोबांच्या रिव्हॉल्व्हरने सराव करणार होती. तिच्यासाठी पन्नास काडतुसं भरायची होती. वर्षभर आजोबांच्या देखरेखीखाली भरत होतो, त्या रात्री पहिल्यांदा ते मला एकट्याला सोडून आत जेवायला गेले. आमच्या भाषेत, सबमिशनला सर न बघताच सही द्यायला लागले.

तीन ओळी झाल्या आणि फोन वाजला. आई. तिकडे रविवारची सकाळ, दुसऱ्या दिवशी गणपती. मोदकाची पिठी चांगली मिळाली नाही इथपासून, शेजारच्यांनी यंदा मखर विकतचं आणलं इथपर्यंत. मी फोन खांद्यात धरला आणि 'हं, हं' करत काम चालू ठेवलं. आईला म्हटलं, "थांब, आवाज येत नाहीये," फोन दुसऱ्या कानाला लावला, पुन्हा सुरुवात केली. पन्नास झाल्या. टॉर्च कोपऱ्यात होता. मी वरूनच नजर फिरवली, सगळीकडे तळाशी थोडी थोडी करडी दारू दिसली. गोळ्या बसवल्या, डबीत भरल्या, घरी येऊन झोपलो.

झोपलो म्हणजे पडलो. अकरा वाजले तरी डोळ्यासमोर तो ठोकळा. फोन कानावरून बदलला तेव्हा चौथी ओळ सुरू केली होती की करायची होती?

इथे थोडं मागे जाऊन कबुली द्यायला हवी. एस.ओ.एम.च्या लॅबमध्ये आम्ही रीडिंग घ्यायचो नाही, 'आणायचो'. आधी ग्राफवर सरळ रेघ मारायची, मग रेघेवरचे बिंदू बघून तक्ता भरायचा. एखादा बिंदू मुद्दाम जरा बाजूला, म्हणजे सरांना खरं वाटावं. हे आजही चालत असणार, उगाच साळसूदपणा करू नका. त्या रात्री अंथरुणात पडून मी तेच करत होतो. पन्नासपैकी एक, तीही असली तर. आणि रिव्हॉल्व्हर दणकट आहे. एखादी दुप्पट असली तरी कदाचित सोसेल. मी रेघ आधी मारून बिंदू जुळवत होतो.

मग वाटलं, सकाळी लवकर जाऊन प्रत्येक काडतूस तराजूवर टाकलं तर? जड लागेल ते बाजूला काढू, कुणाला कळायला नको. इंजिनिअरिंग डोकं! पण हिशोब केला आणि पोटात गोळाच आला. फरक शोधायचा तीन ग्रेनचा. पुंगळ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, त्यांच्याच वजनात तेवढा फरक. १४८ ग्रेनची शिशाची गोळी, तिचंही थोडं इकडेतिकडे. सिग्नल नॉइझमध्ये बुडालेला. बाहेरून कळायचा एकही मार्ग नव्हता. शिवाय सपाट तोंडाची ती गोळी पुंगळीच्या काठापर्यंत आत दाबलेली असते, म्हणजे दारूला जागा आधीच कमी, चूक असली तर दाब आणखी चढणार. आणि रिव्हॉल्व्हर धरणार होती ती एकोणीस वर्षांची पोर.

सव्वा अकराला त्यांची बेल वाजवली. आजोबा बनियनवर, केस विस्कटलेले. ओरलला जेवढा घाबरलो नव्हतो तेवढा घाबरून सांगितलं. मला वाटलं, आता स्टूलही गेलं आणि प्रेसही. ते काही बोलले नाहीत. चप्पल घातली, गॅरेजचा दिवा लावला आणि भिंतीवरची प्लास्टिकची हातोडी काढली. तिच्या डोक्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं. पुंगळी थांबते, गोळी जडत्वाने पुढे निसटते. न्यूटनचा पहिला नियम. एकेक उघडायची, दारू पितळी पारड्यात ओतायची, वजन करायचं, वहीत लिहायचं. मी आपटत होतो, ते तराजूचा काटा वाचत होते.

तीस बरोबर निघाली. एकतिसावी ओतली आणि ओततानाच दोघांनाही कळलं. काटा बरोब्बर दुपटीवर गेला. चौथ्या ओळीची पहिली.

आजोबांनी वहीत ३१ पुढे आकडा लिहिला, त्याखाली रेघ ओढली नाही, गोल केला नाही, काही नाही. म्हणाले, "बत्तीस." उरलेल्या एकोणीसही उघडल्या. त्या सगळ्या बरोबर होत्या. रात्रीचा एक वाजला होता. जाताना मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "सकाळी उशिरा ये. कॉफी कर म्हणावं बायकोला, जास्त."

रविवारी सकाळी त्यांनी फडताळातून दोन डबे काढले. एक ते स्वतः कित्येक वर्षं वापरत आलेल्या दारूचा, जी आदल्या रात्री मी भरत होतो. ती दाट, कमी लागते, स्वस्त पडते. दुसरा तो मेदुवड्यांचा. दोन रिकाम्या पुंगळ्या घेऊन दोन्हीचं एकेक माप त्यांनी घातलं. पहिलीत दारू तळाशी कुठे तरी बसली, आणखी एक माप घातलं तरी पुंगळीत भरपूर जागा रिकामी. दुसरी फुगीर दारू एका मापातच चांगली वर आली, आणि दुसरं माप घालताच तोंडाशी येऊन ठेपली. आंधळ्यालाही दिसावी अशी. ते म्हणाले, हे काडतूस मुळात काळ्या दारूच्या दिवसांतलं. कोल्टचं १८७३ चं '४५' घे, त्यात ४० ग्रेन काळी दारू भरायचे, पुंगळी गच्च, दुप्पट भरतो म्हटलं तरी मावायची नाही. नवी दारू आली, थोडीशी पुरायला लागली, पुंगळी मात्र तेवढीच राहिली. आणि त्या रिकाम्या जागेत चूक लपायला लागली.

मी विचारलं, मग इतकी वर्षं तुम्ही ही दाट का वापरलीत? म्हणाले, "माझा हात बसला होता. पण तुझा बसलेला नाही, आणि माझे डोळेही आता ते राहिले नाहीत."

फुगीर दारूचे तोटे आहेतच. डबा लवकर संपतो, ती दाबून भरायची नसते, आणि जोरदार काडतुसांना ती चालतच नाही. पण त्या रविवारी आजोबांनी दाट दारूचा डबा उचलून सगळ्यात वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही तिथे ठेवला. (ते सहा फूट दोन इंच आहेत.) नात उठून आली तेव्हा आम्ही नव्याने पन्नास भरत होतो, मी माप घालायचो आणि ते टॉर्च मारायचे. तिने विचारलं, काल रात्रीची कुठे गेली? आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला सगळं सांगितलं, एकतिसाव्यासकट. तिने वही मागून घेऊन तो आकडा बघितला, आणि मग बराच वेळ स्वतःही एकेका पुंगळीत डोकावून बघत बसली.

आता माझा फोन दर शनिवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात, मायक्रोवेव्हवर पडलेला असतो. यावरून आईची कटकट चालू आहे. परवा तिने बायकोलाच फोन लावून विचारलं, हा शनिवारी रात्री असतो तरी कुठे? बायकोने खरं ते सांगितलं, "शेजारच्या आजोबांकडे दारू मोजत बसलेत."

तेव्हापासून बाबांचे रोज सकाळी व्यसनमुक्तीचे मेसेज येतात.